एका खेड्यात बिऱ्हाड, चार शहरांत फेरी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला इंग्लंडच्या प्रवासावर चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना आधीच बजावले की, लंडनविषयी मी काही बोलणार नाही. तिथला राजवाडा, ते घड्याळ आणि तो पूल आपण सर्वजणींनी चित्रांत इतक्या वेळा पाहिला आहे की, मी नवे ते काय सांगणार? मी सांगणार आहे एका खेड्यातल्या भाड्याच्या घराची हकीकत. त्या घराला कुलूप लावून आम्ही रोज सकाळी बाहेर पडत होतो आणि दिवे लागणीला परत येत होतो. अर्थात जून महिन्यात तिकडे साडेनऊ वाजले तरी दिवे लागत नाहीत, ही गोष्ट निराळी.

२०२३ सालच्या जूनमध्ये मी, माझ्या थोरल्या जाऊबाई, मुलगी, जावई आणि अकरा वर्षांची नात असे पाचजण एका आठवड्यासाठी कॉट्सवोल्ड्स नावाच्या टेकड्यांच्या मुलखात राहिलो. ऑक्सफर्डच्या पश्चिमेकडून हा मुलूख सुरू होतो आणि खाली बाथ शहरापर्यंत जातो. टेकड्या म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने अगदीच बुटक्या. त्यांतली सर्वांत उंच जागा ३३० मीटर. पण गवत असे की, जणू कोणी रोज सकाळी उठून विंचरून ठेवले आहे. १९६६ साली सरकारने हा सारा प्रदेश निसर्गसौंदर्यासाठी राखीव म्हणून जाहीर केला. आमचे बिऱ्हाड मोर्टन-इन-मार्श या बाजारगावापासून दोन मैलांवर होते. खेड्याचे नाव सांगत नाही. घर दुसऱ्याचे आहे, आणि गाव तर त्याहून दुसऱ्यांचे.

आता घराविषयी. दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, लहान लहान खिडक्या, आणि दार इतके ठेंगणे की जावईबापूंचे कपाळ पहिल्याच दिवशी चौकटीला लागले. दगड चुनखडीच्या जातीचा, पण रंग मधाचा. सकाळी तो फिकट दिसतो, संध्याकाळी उन्हे कलली की साजूक तुपातल्या शिऱ्यासारखा दिसू लागतो. छपरावर कौले नव्हेत, दगडाच्याच चिपा. खाली वळचणीला मोठ्या आणि वर आढ्याकडे जावे तसतशा लहान होत जाणाऱ्या. या चिपा पूर्वी कशा काढीत ते ऐकून आम्हांला मोठी मौज वाटली. काही खाणींत दगड काढून तो हिवाळ्यात उघड्यावर ठेवीत व ओला राखीत. रात्री पाणी गोठून फुगले की दगडाचे पापुद्रे आपोआप सुटत. म्हणजे निम्मे काम थंडीच करी.

भाडे आठवड्याचे असते. ओट्यावर मालकिणीने दूध, पाव, लोणी आणि चहा ठेवला होता, आणि शेजारी सूचनांचा कागद: कचरा कोणता कोणत्या डब्यात टाकायचा, कुंपणाचे फाटक कसे लावायचे, शेजारच्या शेतातल्या मेंढ्यांना काय खाऊ घालायचे नाही. आमच्या जाऊबाईंनी त्या कागदाखाली आपला मिसळणाचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, बिऱ्हाड लागलं म्हणायचं.”

इथे मला आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा एक मुद्दा काढायचा आहे. हॉटेलात उतरले की बाईची सुट्टी सुरू होते. भाड्याच्या घरात उतरले की तिथे स्वयंपाकघर असते, आणि स्वयंपाकघर असले की सुट्टी कोणाची, हा प्रश्न आलाच. घरची माणसे “बाहेरच्यापेक्षा घरचं बरं” असे म्हणून हौसेने भाजी आणून देतात आणि नकाशा पसरून बसतात. भाजी चिरणारी मात्र तीच. माझ्या मुलीने पहिल्याच रात्री कागदाच्या पाठकोऱ्या बाजूला पाच नावे आणि सात दिवस लिहून टाकले. ज्याचे नाव ज्या दिवशी, त्याने त्या दिवशीचा स्वयंपाक करायचा. जावईबापूंनी दोनदा खिचडी केली, एकदा पातळ आणि एकदा घट्ट. नातीने पावाला लोणी लावून आपली पाळी साजरी केली. जाऊबाईंनी भाजणीची थालीपिठे लावली. पण सांगायची गोष्ट अशी की, मी त्या आठवड्यात ओट्याशी एकदाच उभी राहिले आणि पाच वेळा टेकडीवर चढले. भगिनींनो, घर भाड्याने घ्या, पण आधी तो कागद भिंतीला लावा.

पहिले दोन दिवस आम्ही कुठल्याच शहरात गेलो नाही, नुसते चाललो. इंग्लंडात शेतांमधून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांचे जाळे आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास भरतात. जमीन खाजगी, पण वाट सर्वांची. मालक कितीही मोठा असला तरी त्याला ती बंद करता येत नाही. फाटक उघडायचे, आपण गेल्यावर लावायचे, पिकात पाय घालायचा नाही, एवढेच बंधन. ही मुभा काही सुखासुखी मिळालेली नाही. १९३२ साली उत्तरेकडच्या किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर कामगारांनी बंदी मोडून प्रवेश केला, त्यांतले काहीजण तुरुंगात गेले; आणि १९४९ साली कायदा झाला, त्यानंतर या वाटांची रीतसर नोंद होऊ लागली. तिकडच्या ऑर्डनन्स सर्व्हे खात्याचा एक नकाशा मिळतो, एका किलोमीटरला चार सेंटिमीटर या प्रमाणाचा. त्यात प्रत्येक पायवाट हिरव्या तुटक रेघेने दाखवलेली असते, प्रत्येक शेताचे कुंपणसुद्धा. तो नकाशा हातात घेऊन मी आणि एकाहत्तर वर्षांच्या जाऊबाई, त्यांच्या हातात काठी, अशा दोघीच तीन मैल चालून आलो. वाटेत कोणी विचारले नाही की, “तुम्ही इकडे कुठे?” भेटणारा मनुष्य हवेविषयी एक वाक्य बोलून पुढे जाई.

शेताशेतांच्या मध्ये दगडांचे गडगे. आपल्याकडे जांभ्याचे घालतात अगदी तसेच, चुन्यावाचून रचलेले. फक्त दगड चपटा आणि वरच्या थराचे दगड उभे लावलेले. अशा गडग्यांची लांबी त्या एका मुलखात चार हजार मैल भरते असे सांगतात. एका ठिकाणी एक गृहस्थ पडलेला गडगा पुन्हा रचीत होता. जाऊबाईंनी माहेरी गावाला गडगे घालताना पाहिलेले, त्या काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग मान हलवून म्हणाल्या, “बरोबर घालतोय.” त्या गृहस्थाला मराठी कळत नव्हते, पण पसंती कळली असावी.

हे गडगे कशासाठी? मेंढ्यांसाठी. आणि त्या मुलखात पुढे जे जे पाहाल, ती देखणी घरे, ती उंच देवळे, ते चौक, ते सगळे शेवटी मेंढीच्या पाठीवरच येऊन थांबते. चौदाव्या-पंधराव्या शतकांत इथली लोकर फ्लँडर्स आणि इटलीपर्यंत जात असे. चिपिंग कॅम्डन नावाचे गाव आम्ही पाहिले. ‘चिपिंग’ म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार. आपल्याकडे ‘पेठ’ म्हणावे तसे. तिथे १४०१ साली वारलेल्या विल्यम ग्रेव्हेल या लोकरीच्या व्यापाऱ्याचे घर आजही उभे आहे, आणि चर्चमध्ये जमिनीवर त्याचा व त्याच्या बायकोचा पितळी पत्रा बसवलेला आहे. नॉर्थलीच गावच्या चर्चमध्ये तर गंमतच पाहिली. तिथल्या व्यापाऱ्यांच्या पितळी चित्रांत त्यांचे पाय टेकलेले आहेत ते मेंढीवर किंवा लोकरीच्या गाठोड्यावर. मनुष्य कशाच्या जोरावर उभा आहे ते मेल्यावर तरी त्याने प्रामाणिकपणे सांगितले, हे मला आवडले.

पुढे नुसती लोकर विकण्याऐवजी कापड विणले जाऊ लागले. आता इथे आपला संबंध येतो. एका मागाला पुरेल इतके सूत काढायला अनेक कातणाऱ्या लागत, आणि कातणाऱ्या म्हणजे बायका. चूल, मूल, आणि मधल्या वेळेत चाती. इंग्रजीत अविवाहित बाईला ‘स्पिन्स्टर’ म्हणतात, त्या शब्दाचा मूळ अर्थ सूत कातणारी एवढाच. २००५ सालापर्यंत तिकडच्या विवाहनोंदणीत हा शब्द लिहिला जात असे. बिबरी नावाच्या खेड्यात आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ आहे, इंग्लंडच्या पुष्कळ कॅलेंडरांवर ती असते. ती बांधली गेली १३८० च्या सुमारास, लोकरीचे कोठार म्हणून. सतराव्या शतकात तिची विणकरांची घरे झाली. समोरच्या पाणथळ कुरणावर धुतलेले कापड ताणून वाळत घालीत. आज तिथे शेकडो माणसे छायाचित्रे घेत असतात. आम्हीही घेतली. पण त्या एवढ्याशा खिडक्यांकडे पाहून मी विचार करीत होते की, हिवाळ्यात तीन-साडेतीनला अंधारून आल्यावर इतक्याशा उजेडात ती बाई किती वेळ कातीत असेल, आणि त्या सुताचे पैसे कोणाच्या हातात पडत असतील.

त्याच टेकड्यांच्या पश्चिम उतारावर स्ट्राउडचे खोरे आहे. तिथल्या ओढ्यांवर कापड कुटण्याच्या पाणगिरण्या चालत आणि तिथली लाल बनात प्रसिद्ध होती. इंग्रज फौजेचे तांबडे डगले त्या कापडाचे होत, आणि ईस्ट इंडिया कंपनी तिथले कापड हिंदुस्थानातही पाठवीत असे. आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी ‘सकलाद’ हा शब्द असे, तो अशाच विलायती लोकरी कापडाचा.

मग यंत्रे आली, धंदा उत्तरेकडे यॉर्कशरला गेला आणि इथल्या गावांना दारिद्र्य आले. नवे घर बांधायला कोणाजवळ पैसा नव्हता, म्हणून जुनी घरे राहिली. आपण आज ज्याला सौंदर्य म्हणून पाहायला जातो, ते पुष्कळसे त्या गरिबीने सांभाळून ठेवलेले आहे. हे मला कुठल्या मोटारीतून धावत जाताना कळले नसते. रोज त्याच दारातून बाहेर पडायचे, तीच भिंत, तेच छप्पर, तेच कुरण पाहायचे, म्हणून हळूहळू प्रश्न सुचत गेले.

आमच्या बिऱ्हाडापासून जवळच्याच एका पायवाटेने जाताना सेझिनकोट नावाचे घर दिसते. कुरणात मेंढ्या, मोठमोठी झाडे, आणि त्यांच्या मधोमध एकदम हिरवट तांब्याचा कांद्यासारखा घुमट, छज्जे आणि कमानी! कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा मिळवलेल्या चार्ल्स कॉकरेलने आपल्या वास्तुकार भावाकडून १८०५ च्या सुमारास हे घर मोगली धर्तीवर करून घेतले. बागेत सूर्याचे छोटे देऊळ आहे, पुलावर नंदी बसवले आहेत. नंदी पाहून जाऊबाईंनी हात जोडले. त्यांना म्हटले, इथे पिंडी नाही. त्या म्हणाल्या, “नसू दे, हा तरी आपल्याकडचा ना?”

तिथून गाडीने थोडे गेले की डेल्सफर्ड. तिथल्या चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्ज पुरलेला आहे. वर एक दगडी कलश. ज्याच्या कारकिर्दीत मराठ्यांशी पहिले युद्ध झाले आणि १७८२ साली सालबाईचा तह झाला, तोच हा. परत गेल्यावर त्याच्यावर पार्लमेंटात खटला चालला, १७८८ पासून सात वर्षे. शेवटी तो निर्दोष सुटला. घराण्याच्या हातून गेलेली ही जमीन त्याने पुन्हा विकत घेतली होती, आणि १८१८ सालच्या ऑगस्टमध्ये तिथेच तो वारला. त्याच वर्षी जूनमध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला होता. आजूबाजूला इतके शांत होते की, झाडावरच्या पाखरांशिवाय आवाज नाही. नातीने विचारले, “हा चांगला होता की वाईट?” आम्ही चौघे मोठे एकमेकांकडे पाहू लागलो. शेवटी तिच्या आईने तिला सांगितले की, आपण घरी गेल्यावर दोन्ही बाजूंची पुस्तके वाचू.

आता शहरांकडे वळते. मोर्टनला रेल्वेचे स्टेशन आहे आणि तिथून ऑक्सफर्ड पाऊणएक तासाच्या आत. ऑक्सफर्डविषयी तुम्ही पुष्कळ वाचले असेल. तिथे १०९६ सालापासून शिकवले जात असल्याचा दाखला आहे, बॉडलियन ग्रंथालय १६०२ साली उघडले, वगैरे. मी मात्र सॉमरव्हिल कॉलेजाच्या दारात जाऊन उभी राहिले. १८७९ साली बायकांसाठी निघालेल्या या संस्थेत १८८९ साली एक मुलगी आली. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. ती कॉर्नेलिया सोराबजी. विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिला केवळ मुलगी म्हणून नाकारली गेली. तेव्हा तिकडच्या काही लोकांनी वर्गणी काढून तिला बोलावले, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईही होत्या. १८९२ साली ती कायद्याच्या वरच्या परीक्षेला बसली. या परीक्षेला बसलेली ती पहिली बाई. पण पदवी? ऑक्सफर्डने बायकांना पदवी द्यायचे १९२० साली कबूल केले, आणि कॉर्नेलियाबाई १९२२ साली जाऊन आपली पदवी घेऊन आल्या. तीस वर्षे. माझ्या नातीला हा हिशेब पटेना. ती म्हणाली, “पेपर तर तेच होते ना?” मला वाटते, या विषयावरचे सर्वांत नेमके भाषण तिनेच केले.

त्याच शहरात ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एका इमारतीच्या शिखरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा हत्ती आहे. इंडियन इन्स्टिट्यूट म्हणून ती इमारत बांधली गेली होती. जाल तेव्हा मान वर करून जरूर पाहा; खाली इतकी गर्दी असते की बहुतेकांना तो दिसतच नाही.

एके दिवशी बसने चेल्टनहॅमला गेलो. हे शहर औषधी पाण्याच्या झऱ्यामुळे वाढले आणि हिंदुस्थानातून निवृत्त होऊन परतलेले अंमलदार इथे येऊन राहत. पांढरीशुभ्र घरे, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या. पण मला तिथे ओढ होती ती लेडीज कॉलेजची. १८८४ ते १८८६ या काळात आपल्या पंडिता रमाबाई तिथे होत्या. त्यांना वैद्यकी शिकायची होती, पण कानाच्या दोषामुळे ते जमले नाही. मग त्या या कॉलेजात आल्या. इंग्रजी, गणित आणि शास्त्रे शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीत होत्या. तिथल्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पुढेही पत्रव्यवहार राहिला. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला आल्या त्या वेळी त्यांचे वय पंचवीस. नवरा वारलेला, कडेवर दोन वर्षांची मनोरमा, आणि जहाजाच्या तिकिटाचे पैसे ‘स्त्रीधर्मनीति’ हे स्वतःचे पुस्तक विकून उभे केलेले. त्यांच्या धर्मांतराविषयी आपल्याकडे त्या वेळी किती वादळ उठले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यात मी शिरत नाही. मी त्या उंच दगडी इमारतीसमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहून एवढाच विचार करीत होते की, डिसेंबरच्या थंडीत, परक्या भाषेत, ऐकायला कमी येत असताना या बाईने गणिताचा अभ्यास केला. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला त्या इथूनच अमेरिकेला गेल्या, आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. आत जाता आले नाही, शाळा चालू होती. गणवेशातल्या मुली घोळक्याने बाहेर पडत होत्या. तेवढे दर्शन मला पुरले.

ग्लॉस्टर आणि सायरेन्सेस्टर एका दिवसात झाले, म्हणून थोडक्यात सांगते. ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये ओवऱ्यांचे छत पाहावे. चौदाव्या शतकातले, दगडाचे पंखे उघडून ठेवावेत तसे. तिथे हॅरी पॉटरच्या चित्रपटांचे चित्रीकरण झालेले असल्यामुळे आमची नात छताकडे न पाहता त्या ओवऱ्यांतून जादूची कांडी फिरवीत पळत होती. सायरेन्सेस्टर हे रोमन काळात ब्रिटनमधले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. तिथे जाणारा रस्ता रोमनांनीच आखलेला, फॉस वे नावाचा. तो मोर्टनच्या भर पेठेतून जातो. म्हणजे आमची जाऊबाई मंगळवारच्या बाजारात ज्या रस्त्यावर स्ट्रॉबेऱ्या घेत होती, तो जवळजवळ दोन हजार वर्षांचा.

त्याच रस्त्यावर पुढे बाथ. हे शहर सावकाश पाहण्यासारखे आहे. जमिनीतून सुमारे ४६ अंशांचे कढत पाणी येते, रोज साडेअकरा लाख लिटरांहून अधिक. आपल्या राजापूरच्या उन्हाळ्याची, तुरळच्या झऱ्यांची आठवण येणारच. रोमनांनी तिथे सुलिस मिनर्व्हा या देवीचे देऊळ आणि स्नानगृहे बांधली. त्या कुंडातून शिशाचे लहान पत्रे निघाले आहेत, सुमारे एकशे तीस. त्यांवर लोकांनी देवीला घातलेली गाऱ्हाणी कोरलेली आहेत. हो, गाऱ्हाणीच! दुसरा शब्दच नाही. कोणाचा अंगरखा गेला, कोणाचे पैसे गेले. डोसिमेडिस नावाच्या एका गृहस्थाचे दोन हातमोजे चोरीला गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावेत असे तो देवीला सांगतो. हातमोज्यांसाठी डोळे! जाऊबाईंना हे मराठीत सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की, बाकीचे लोक वळून पाहू लागले. त्या म्हणाल्या, “आमच्या गावच्या देवळात रोज एक डोसिमेडिस येतो.”

वरच्या अंगाला रॉयल क्रेसेंट, म्हणजे तीस घरांची चंद्रकोरीसारखी एकच ओळ. १७६७ ते १७७५ या काळात बांधलेली. समोरून सगळी घरे एकासारखी एक, खांबाला खांब. मागून पाहिलीत तर प्रत्येकाचे निराळे: कोणाची भिंत पुढे, कोणाची मागे, कुठे नळ, कुठे धुराडे, कारण समोरचे रूप ठरलेले आणि मागचे ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधलेले. एक नंबरच्या घराचे संग्रहालय केले आहे. वर दिवाणखाना, पियानो, चिनी मातीची भांडी, तळघरात स्वयंपाकघर. तिथे भिंतीवर एक चाक आहे. त्यात कुत्र्याला घालून पळायला लावीत, म्हणजे मांस भाजण्याची सळई फिरत राही. मी दिवाणखान्यात पाच मिनिटे होते आणि तळघरात अर्धा तास.

संध्याकाळी परत येताना आमचे खेडे दिसू लागले की घरी आल्यासारखे वाटे. पण चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आले की, त्या गल्लीतल्या कितीतरी घरांत दिवाच नसतो. कुठे दाराजवळ चावी ठेवण्याची आकड्यांची पेटी. म्हणजे ती घरेही आमच्यासारख्यांसाठीच. बसथांब्यावर एक म्हाताऱ्या बाई रोज भेटत. त्यांचा जन्म त्याच गावचा. त्या म्हणाल्या, माझा मुलगा वीस मैलांवर राहतो, कारण इथले घर त्याला परवडत नाही. गावात मुले नाहीत म्हणून शाळा बंद झाली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हवेविषयी बोलावे तसे त्या बोलत होत्या. २०२५ पासून इंग्लंडातल्या स्थानिक संस्थांना अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट घरपट्टी बसवण्याची मुभा मिळाली आहे. त्याने किती घरांत दिवे लागतील ते पुढे दिसेल. लोकर विकून जी गावे श्रीमंत झाली, लोकर गेल्यावर गरीब झाली, ती आता देखणेपणामुळे इतकी महाग झाली की गडगा घालणाऱ्याला तिथे राहता येत नाही. आणि लोकरीचा भाव म्हणाल, तर आम्ही गेलो तेव्हा तो इतका पडला होता की पुष्कळ ठिकाणी मेंढी कातरण्याची मजुरीसुद्धा त्यातून सुटत नव्हती.

मला त्या बाईंचे बोलणे ऐकताना आपलाच जिल्हा दिसत होता. आपल्याकडेही घरांना कुलपे आहेत. मुंबईकर गणपतीला आणि मे महिन्यात येऊन उघडतात. समुद्राकाठची काही घरे विकली गेली, त्यांचे बंगले झाले, आणि तिथे पाहुणे येतात ते आपली पाण्याची बाटली आपल्याबरोबर आणून. पण काही ठिकाणी घरची बाईच पाहुणे ठेवते. ती स्वतः त्याच घरात राहते, वाडीतल्या चार बायकांना काम देते, पाहुण्यांना सड्यावर घेऊन जाते. या दोन प्रकारांत माझ्या मते फार अंतर आहे, आणि आपण पैसे कोणत्या दारात देतो याचा विचार करण्याचा अधिकार पाहुण्यालाही आहे.

म्हणून यंदाच्या सहलीविषयी माझी सूचना अशी की, पाच दिवसांत नऊ ठिकाणे हा बेत सोडावा. राजापूर तालुक्यात अशाच एका बाईंच्या घरी चार दिवस मुक्काम करावा. तिथून एक दिवस उन्हाळे, एक दिवस विजयदुर्ग, एक दिवस सड्यावरची कातळशिल्पे, आणि एक दिवस कुठेही नाही. बाईंना मी विचारून ठेवले आहे. अठराजणींची सोय होते. स्वयंपाक त्या करतील, त्याचे पैसे वेगळे द्यायचे आहेत, आणि भांडी मात्र पाळीने आपण घासायची आहेत. पाळीचा कागद मी करून आणला आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी नाव आणि सोयीचा वार सभेनंतर खजिनदारबाईंकडे लिहून द्यावा.